कोणाची आठवण ठेवायची, हे नक्की कोण ठरवतं?

सोनचाफा (धागाकर्ती)

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडजवळ अटलांटिकवरून जात असताना बॉम्बस्फोटाने फुटलं. ३२९ माणसं गेली. विमान कॅनडातून निघालेलं, बॉम्ब कॅनडातच सामानात चढवलेला, मेलेल्यांपैकी बहुतेक जण कॅनडाचे नागरिक. तरी कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना.

गेले कित्येक दिवस हा फोन माझ्या डोक्यातून जात नाही. फोन करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. आडनावं भारतीय, विमान भारतीय, म्हणजे दुःखही भारताचं, असं त्यांनी गृहीत धरलं. आणि भारतात? भारताच्या दृष्टीने ही माणसं देश सोडून गेलेली. दोन्ही देशांना वाटलं की रडायचं काम दुसऱ्याचं आहे. वर्षभरात स्मारक उभं राहिलं ते आयर्लंडमध्ये, अहाकिस्ता या किनाऱ्यावरच्या लहानशा गावी. ज्यांच्या समुद्रातून मृतदेह वर काढले गेले, ते लोक दर वर्षी २३ जूनला सकाळी तिथे जमतात. कॅनडात चौकशी आयोगाचा अहवाल यायला २०१० साल उजाडलं, आणि त्याच वर्षी पंचविसाव्या स्मृतिदिनी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी कुटुंबीयांची माफी मागितली. म्हणजे आईवडील गमावलेली पोरं मध्यमवयीन होईपर्यंत त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांना 'आमचे' म्हटलं नव्हतं.

आपल्याला सहसा असं वाटतं की जितकी दुर्घटना मोठी तितकी तिची आठवण मोठी. वाचत गेले तसं लक्षात आलं की यात आकड्याचा संबंध फारच थोडा आहे. कुठेतरी कोणीतरी एक यादी करतं. त्या यादीला नियम असतो. बाकी सगळं त्या नियमातून येतं.

दोन याद्या शेजारी ठेवून बघा. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकभिंतीवर, १९८२ साली उभारलेल्या काळ्या ग्रॅनाइटवर, ५८,००० हून जास्त अमेरिकन सैनिकांची नावं आहेत. रणभूमीवर झालेल्या जखमेने एखादा पुढे कित्येक वर्षांनी गेला, तर त्याचं नाव आजही भिंतीवर कोरलं जाऊ शकतं. पण एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाच्या फवारणीमुळे पुढे कॅन्सर होऊन गेला, किंवा घरी परतल्यावर आत्महत्या केली, तर नाही. अशांसाठी २००४ साली जवळच एक फरशी बसवली, तिच्यावर नावं नाहीत. त्या युद्धात मेलेल्या लाखो व्हिएतनामी माणसांचा तर त्या जागी प्रश्नच येत नाही.

हिरोशिमात नियम बरोबर उलटा. तिथल्या स्मारकाच्या दगडी पेटीत मृतांच्या नोंदवह्या आहेत. दर ६ ऑगस्टला, गेल्या वर्षभरात वारलेल्या बॉम्बपीडितांची नावं त्यांत चढवतात. कोणी नव्वदाव्या वर्षी वारला तरी त्याचं नाव येतं. आता ही संख्या साडेतीन लाखांच्या आसपास पोचली आहे. आणि यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट म्हणजे, त्या वह्यांमध्ये एक वही कोऱ्या पानांची आहे, ज्यांची नावं कळलीच नाहीत अशा 'अनेकांसाठी'.

पण एवढा उदार नियम असलेल्या गावातही कोरियन मृतांचं स्मारक १९७० साली उभं राहिलं ते शांती उद्यानाच्या बाहेर, नदीच्या पलीकडे. जपानच्या राजवटीत हजारो कोरियन लोक हिरोशिमात होते, अनेकांना सक्तीने कामाला आणलेलं होतं, आणि बॉम्ब त्यांच्यावरही पडला. ते स्मारक उद्यानाच्या आत यायला १९९९ साल लागलं.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं की भाषणं, मेणबत्त्या, दोन मिनिटं शांतता हे फार नंतरचं. कोण आठवणीत राहणार हे यादी करणारा ठरवून मोकळा झालेला असतो. कुठल्या तारखेपर्यंत मेलेला, कशाने मेलेला, कुठल्या देशाचा, कुठल्या कागदावर नाव असलेला. हे चार प्रश्न कुठल्याही स्मारकासमोर उभं राहून विचारायला हवेत. तुम्हाला माहीत असलेली उदाहरणं इथे लिहा. माझं म्हणणं पटत नसेल तर तेही लिहा.

मुसाफिर_७

अगदी पटलं. आपल्याकडचं उदाहरण लगेच आठवलं.

१४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकीन या जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र भरलेली. आग लागली आणि दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्यासाठी देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन आणि पुढे आठवडाभर अग्निशमन सप्ताह पाळतात. पाळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही.

पण त्या दिवशी मेलेल्यांचा एकूण सरकारी आकडाच सातशेच्या वर होता, आणि काही अंदाज तेराशेपर्यंत जातात. गोदी कामगार, हमाल, खलाशी, आसपासच्या वस्त्यांतली बायकापोरं. त्यांच्यासाठी कुठला दिवस? युद्ध चालू होतं, सेन्सॉरशिप होती, बातमीच दाबून ठेवलेली.

यावर विचार करताना असं वाटलं की अग्निशमन दलाकडे हजेरीपट होता, गणवेश होता आणि मुख्य म्हणजे दल पुढेही चालू राहिलं. आज नोकरीला लागलेला जवान त्या ६६ जणांना आपले पूर्वज मानतो. हमालांची अशी वारस संस्था कुठली? रोजंदारीवर आलेल्या माणसाचा वारस म्हणजे त्याचं घर, आणि ते घरच स्फोटात गेलं असेल तर संपलंच.

ओवी

मुसाफिर, समुद्रावरचं आणखी एक. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसकडे जाताना बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली. महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, फाळणीच्या कत्तली सुरू झाल्या, आणि बोट लोकांच्या बोलण्यातून मागे पडली. कोकणात जुन्या घरांतून अजून तिचं नाव निघतं, बाहेर फारसं नाही.

याउलट १८८८ सालची 'वैतरणा'. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून बुडाली, सातशेच्या वर माणसं. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. तिच्यावर गुजरातीत लोकगीतं रचली गेली आणि ती पिढ्यान् पिढ्या गायली गेली. सरकारी स्मारकाची वाट कोणी बघितली नाही. म्हणजे सोनचाफा म्हणते तशी यादी असावी लागतेच असं नाही, गाणारं कोणी असलं तरी चालतं.

सोनचाफा

ओवी, हे मी धरलंच नव्हतं. फक्त एक, गाण्यात बोट राहते, वादळ राहतं, पण त्या सातशे जणांतली किती नावं राहतात? लग्नाचं वऱ्हाड होतं, परीक्षेला निघालेली मुलं होती, असं गटागटाने आठवलं जातं. तेही मोठंच आहे. नावाचं स्मरण आणि प्रसंगाचं स्मरण या दोन गोष्टी निराळ्या धरायला हव्यात असं आता वाटतंय.

रोखठोक

मला हा सगळा सूर थोडा एकांगी वाटतोय, म्हणून विरोधी बाजू मांडतो.

१९१८-१९ च्या इन्फ्लुएन्झात एकट्या भारतात सव्वा कोटींच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त माणसं मेली असे अंदाज आहेत. पहिल्या महायुद्धात भारताचे जितके सैनिक गेले त्याच्या शेकडो पट. महायुद्धासाठी दिल्लीत इंडिया गेट आहे, साथीसाठी काही नाही. यात कोणी कट केला का? नाही. साथीला शत्रू नसतो, वीर नसतो, जिंकणं-हरणं नसतं. घरोघर माणसं गेली, घरोघर लोक रडले, आणि उरलेले पेरणीला लागले. माणसाला सगळं उरावर घेऊन जगता येत नाही. विसरणं हीसुद्धा एक गरज आहे.

दुसरं, यादी म्हटली की मर्यादा आलीच. कुठेतरी रेघ ओढावी लागते. ज्यांनी ओढली त्यांच्यावर दरवेळी संशय घ्यायचा का? स्पेनने हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७ साली सर्वांना माफी देणारा कायदा केला आणि यादवी युद्धाची उकराउकर करायची नाही असं ठरवलं. लोकशाही रुजली ना?

अलकनंदा

रोखठोक, स्पेनचा विषय काढलात म्हणून लिहिते, कारण त्यातच तुमच्या मुद्द्याचं उत्तर आहे आणि थोडं समर्थनही.

ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रॅनडाजवळ फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांना गोळ्या घातल्या. जगाला हे माहीत आहे. त्यांच्याबरोबर आणखी तिघांना मारलं हे फार थोड्यांना माहीत असतं. दिओस्कोरो गालिंदो नावाचे शाळामास्तर, आणि बैलझुंजीत काम करणारे दोघे, फ्रान्सिस्को गालादी आणि होआकिन आर्कोयास. चौघांना एकत्रच पुरलं असं मानतात.

आता पेच बघा. मास्तरांच्या आणि गालादींच्या वंशजांना आपली माणसं उकरून काढून रीतसर पुरायची होती. लोर्का यांच्या कुटुंबीयांचा उकरायला दीर्घकाळ विरोध होता. त्यांचं म्हणणं, इथे असंख्य लोक असेच पुरलेत, एकालाच बाहेर काढून वेगळा मान कशाला? दोन्ही बाजू प्रामाणिक. शेवटी २००९ साली ठरलेल्या जागी खणलं, तर तिथे कोणीच सापडलं नाही.

आठवू नका म्हणण्याचा हक्क कोणाला, तर तो ज्यांचं माणूस गेलं त्यांना. लोर्का यांच्या घरच्यांना तो होता आणि त्यांनी तो वापरला. पण मास्तरांच्या घरच्यांच्या वतीने सरकारने विसरून टाकावं, हे मला मान्य नाही. १९७७ चा कायदा करताना खड्ड्यात पडलेल्यांच्या नातेवाइकांना कोणी विचारलं होतं? लोकशाही रुजली, खरं. पण २००७ आणि २०२२ साली पुन्हा कायदे करावे लागले, कारण नातवंडं आजोबांची हाडं शोधत हिंडत होती. विसरायचं ठरवल्याने ते विसरले नाहीत, फक्त बोलायचे थांबले.

खडूफळा

'शत्रू नसतो म्हणून आठवण नसते' हा रोखठोक यांचा मुद्दा अर्धा पटतो. मग बंगालचा १९४३ चा दुष्काळ? त्यात तीसेक लाख माणसं गेली आणि तिथे जबाबदार धोरणं होती, माणसं होती. तरी त्या मृतांच्या तोलाचं स्मारक कुठे आहे? मला वाटतं मरणारे कोण होते हेही बघावं लागतं. भूमिहीन मजूर, कोळी, गावाकडून शहराच्या फुटपाथवर आलेली कुटुंबं. ज्यांनी पुढे इतिहास लिहिला त्यांच्या घरातली माणसं त्यात फारशी नव्हती.

भटकी_लेखणी

फुटबॉलमधलं एक उदाहरण देतो, जरा लांबेल. मी लिव्हरपूलचा लहानपणापासूनचा चाहता आहे, तेव्हा हे बाहेरून बोट दाखवणं नाही.

१५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो मैदान. स्टँडमध्ये चेंगरून लिव्हरपूलचे चाहते मेले. पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला, काही वर्तमानपत्रांनी तेच छापलं, आणि कुटुंबं सत्तावीस वर्षं लढली तेव्हा २०१६ साली ज्यूरीने स्पष्ट सांगितलं की ही माणसं बेकायदा मारली गेली, चाहत्यांचा दोष नव्हता. मृतांचा आकडा '९६' म्हणजे लिव्हरपूलकरांसाठी पवित्र झाला होता. जर्सीवर ९६, भिंतींवर ९६. मग २०२१ साली, त्या दिवशी मेंदूला कायमची इजा झालेला एक जण वारला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे कोरोनरने, निर्णय दिला की हा मृत्यू त्याच चेंगराचेंगरीमुळे झाला. आणि लोकांनी एका शब्दाने कुरकुर न करता ९६ चे ९७ केले. फलक बदलले, जर्सी बदलली. बत्तीस वर्षांनी. सोनचाफा, तुम्ही हिरोशिमाचं सांगितलंत त्याच जातीचा हा नियम आहे.

आता दुसरी बाजू. २९ मे १९८५, ब्रुसेल्सचं हेझेल मैदान. इटलीच्या युव्हेंटस क्लबविरुद्ध अंतिम सामना. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी शेजारच्या भागातल्या लोकांवर चाल केली, लोक मागे रेटले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसं मेली, त्यात ३२ इटालियन. मी त्या क्लबच्या चाहत्यांमध्ये वाढलो, हिल्सबरोच्या मृतांची नावं मला बऱ्यापैकी पाठ आहेत, पण ३९ पैकी एकही नाव मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. अॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या स्वतःच्या मैदानावर, हेझेलचा फलक लागला तो २०१० साली, पंचविसाव्या वर्षी.

तोच क्लब, तीच माणसं, चार वर्षांच्या अंतराने दोन दुर्घटना. एका ठिकाणी आपण मेलो, दुसऱ्या ठिकाणी आपल्यामुळे मेले. हिल्सबरोच्या कुटुंबांनी जी चिकाटी दाखवली तिच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण समाजाची आठवण तपासायची असेल तर त्याने आपल्या मृतांसाठी काय केलं हे बघून अर्धंच कळतं. आपल्या हातून मेलेल्यांसाठी काय केलं, तेही बघावं लागतं.

ओवी

शेवटची दोन वाक्यं वाचून थांबले. हे देशांनाही जसंच्या तसं लागू आहे.

रोखठोक

भटकी_लेखणी, तुमचा प्रतिसाद फार आवडला. माझा विसरण्याचा मुद्दा मी सोडत नाही, पण 'कोणी विसरायचं' हा अलकनंदा यांचा प्रश्न मी विचारात घेतला नव्हता. ज्याच्या हातून झालं त्याने विसरणं आणि ज्याचं गेलं त्याने विसरणं यांना एका मापात बसवता येणार नाही, हे मान्य.

रातराणी

मी इथे एरवी फक्त वाचते. आज लिहिते.

माझा मामा एका कारखान्यात बॉयलरच्या स्फोटात गेला. मी तेव्हा लहान होते. कारखान्याच्या फाटकाच्या आत एक काळा दगड आहे, त्यावर त्या दिवशी गेलेल्या कामगारांची नावं आणि प्रत्येकापुढे टोकन नंबर. दर वर्षी सुरक्षा दिनाला साहेब लोक तिथे हार घालतात. मामाचं नाव त्यावर नाही. तो ठेकेदाराचा माणूस होता. कंपनीच्या मस्टरवर नव्हता, म्हणून टोकन नंबर नव्हता, म्हणून दगडावर नव्हता. आजीने दोन-तीनदा कोणाकोणामार्फत विचारलं. दरवेळी एकच उत्तर मिळालं, 'तो आमचा कर्मचारी नव्हता.' उत्तर देणारे सभ्यपणे द्यायचे, चहा विचारायचे.

अजून एक सांगते. मामाला आत जायला दिलेला गेटपास दुसऱ्याच माणसाच्या नावाचा होता. ठेकेदार असं सर्रास करायचे, एक जण काम सोडून गेला की त्याच्या पासवर नवा माणूस आत घालायचा. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांच्या कागदपत्रांत मेला म्हणून त्या दुसऱ्या माणसाचं नाव होतं, आणि तो आपल्या घरी धडधाकट. ते नाव पुढे कोणी दुरुस्त केलं, कुठल्या कागदावर केलं, आम्हाला कधी कळलं नाही. भरपाई म्हणून ठेकेदाराने थोडे पैसे हातात ठेवले आणि कोऱ्या कागदावर आजीचा अंगठा घेतला.

मला त्या दगडावर नाव हवंय का, असं स्वतःला विचारते तेव्हा उत्तर हो असं येतं. आजी गेली. आई आहे. तिला ते बघायचंय.

सोनचाफा

रातराणीताई, हे लिहिल्याबद्दल काय म्हणू. तुमच्या मामाच्या बाबतीत जे झालं ते मी वर 'कुठल्या कागदावर नाव असलेला' एवढ्या चार शब्दांत उरकलं होतं.

खडूफळा

रातराणी, तुमच्या मामांसारख्यांना वगळण्याची पद्धत किती जुनी आणि किती जगभर पसरलेली आहे बघा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच्याच कामाची चौकशी करून अहवाल दिला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी मेलेल्या निदान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत लोकांची नावानिशी नोंद झालीच नाही, काहींची तर कुठल्याच प्रकारे झाली नाही. त्यात पूर्व आफ्रिकेतले ओझी वाहणारे हमाल मोठ्या संख्येने होते. गोऱ्या सैनिकासाठी मात्र तत्त्व असं होतं की हुद्दा काहीही असो, प्रत्येकाला नाव आणि प्रत्येकाला सारखीच शिळा. हमालांबद्दल तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की या लोकांना स्वतंत्र थडग्याचं काही वाटत नाही. विचारलं कोणाला? कोणालाच नाही.

जानेवारी २०२५ मध्ये केपटाऊनला एक स्मारक झालं. तिथल्या लेबर कोअरमधल्या, म्हणजे सैन्यासाठी राबणाऱ्या कामगार दलातल्या, १,७७२ कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकनांसाठी. प्रत्येकासाठी एक लाकडी खांब, त्यावर नाव. शंभराहून जास्त वर्षांनी, जुने कागद धुंडाळून ही नावं मिळाली. तेही ठेकेदाराचीच माणसं होती म्हणा ना.

मुसाफिर_७

यातला पैशाचा भाग कोणी बोललं नाही अजून. रातराणी यांनी भरपाईचं लिहिलं म्हणून मांडतो. आठवण ठेवायची म्हणजे मान्य करायचं, आणि मान्य केलं की देणं लागतं.

बर्लिनमध्ये नाझींच्या बळींची स्मारकं कुठल्या क्रमाने उभी राहिली बघा. ज्यूंचं २००५, समलिंगी लोकांचं २००८, सिंती आणि रोमा (ज्यांना 'जिप्सी' म्हणत) लोकांचं २०१२, अपंग आणि मनोरुग्ण म्हणून मारलेल्यांचं २०१४. रोमांच्या बाबतीत १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं होतं की १९४३ पूर्वीची त्यांची हद्दपारी वंशावरून नव्हतीच, गुन्हेगारी रोखण्यासाठी होती. परिणाम असा की कित्येकांचे भरपाईचे दावे बाद. जर्मन सरकारने हा वंशसंहार होता असं मान्य केलं ते १९८२ साली. तोवर छळछावणीतून वाचून आलेले अनेक जण म्हातारे होऊन गेलेही.

भोपाळमध्ये आजही वाद आकड्याचाच आहे, कारण आकडा म्हणजे भरपाई. त्या रात्री आणि लगेचच्या दिवसांत किती गेले, पुढे वायूच्या परिणामाने किती गेले, पुढच्या पिढीतली व्यंगं धरायची की नाही. तिथे स्मारक कोणी बांधायचं यावरही म्हणूनच तणातणी. वाचलेल्या लोकांनी स्वतःचं संग्रहालय उभं केलं, मेलेल्यांचे कपडे, वस्तू, नातेवाइकांचे आवाज जपून ठेवले. ज्यांच्याकडून न्याय मागायचा त्यांनीच आठवणही लिहावी, हे त्यांना नको होतं. मला त्यांचं बरोबर वाटतं.

अलकनंदा

मुसाफिर, हे महत्त्वाचं बोललात. याला धरून एक छोटं. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, संसदेच्या बरोबर समोर, कोविडने गेलेल्यांसाठी भिंतीवर लाल बदाम रंगवलेत, प्रत्येक मृत्यूला एक. मार्च २०२१ मध्ये नातेवाइकांनी आणि स्वयंसेवकांनी आपणहोऊन सुरुवात केली. आधी वापरलेल्या पेनांचा रंग उन्हापावसाने उडून गुलाबी पडायला लागला, नावं पुसट झाली. तेव्हापासून स्वयंसेवक नेमाने येऊन चांगल्या रंगाने पुन्हा गिरवतात. शासनाने एकदा दगड बसवला की काम संपतं. इथे ते संपत नाही, कोणीतरी यावंच लागतं.

भटकी_लेखणी

रातराणीताई, तुमच्या मामांचं नाव शोधता येईल असं मला वाटतं. थोडा अनुभव आहे म्हणून सांगतो.

न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याला २५ मार्च १९११ ला आग लागली, १४६ कामगार मेले, बहुतेक स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली. त्यातल्या सहा जणांची ओळखच पटली नव्हती. मायकल हर्श नावाच्या संशोधकाने कित्येक वर्षं खपून २०११ साली, शंभराव्या वर्षी, ती सहा नावं पक्की केली. कारखान्याच्या कागदांत काही नव्हतं. त्याने यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि इटालियन भाषेतली तेव्हाची छोटी वर्तमानपत्रं चाळली, जनगणनेचे कागद आणि दफनाच्या नोंदी ताडून बघितल्या. मोठ्या इंग्रजी पेपरांनी ज्यांची दखल घेतली नाही, त्यांच्या घरच्यांकडे त्यांच्याच भाषेतला बातमीदार गेलेला होता. आता त्या इमारतीवर १४६ ही नावं आहेत, २०२३ पासून.

तुमच्या बाबतीत कंपनीच्या मस्टरचा नाद सोडून द्या. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाची नोंद, मृत्यूनोंदणीचं रजिस्टर, स्मशानातली नोंदवही, आणि तेव्हाची जिल्हा पातळीवरची वर्तमानपत्रं, या पाच ठिकाणी बघा. पहिल्या कागदात चुकीचं नाव होतं म्हणता, तर ते कधीतरी खोडून खरं नाव घातलं असणार. त्याशिवाय मृतदेह घरच्यांच्या ताब्यात देता येत नाही. ती दुरुस्ती करणाऱ्याची सही जिथे असेल तो कागद हाती लागला की 'तो आमचा नव्हता' म्हणणाऱ्याला निदान 'तो त्या वेळी तुमच्या फाटकाच्या आत होता' एवढं तरी लेखी मान्य करावं लागेल. साल आणि जिल्हा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जुनी वर्तमानपत्रं कुठल्या ग्रंथालयात मिळतील ते मी बघतो.

रातराणी

व्यनि केला आहे. मृत्यूच्या दाखल्याची एक झेरॉक्स आईच्या ट्रंकेत आहे म्हणते, उद्या फोटो काढून पाठवते. आईने आत्ता आणखी एक सांगितलं. मामाबरोबर त्या पाळीला ठेकेदाराची अजून दोन माणसं होती. एकाचं गाव तिला आठवतंय, नाव नाही. त्यांचंही शोधता येईल का?

भटकी_लेखणी

एकाच वेळचा पंचनामा असेल तर तिघांचीही नावं एकाच कागदावर असायला हवीत. आईंना त्या गावाचं नाव नीट विचारून ठेवा, तालुक्यासकट.